सुटलेली बांबूची पट्टी: पांढरा गोंद की इपॉक्सी?

धनुष्याच्या पाठीवरची, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूची, बांबूची पट्टी टोकाकडे सुटू लागली की आधी दोरी उतरवा. ओढताना पाठ ताणली जाते. फट वाढली तर धनुष्य हातातच मोडतं.

सुतारकामाचा पांढरा गोंद स्वस्त, वापरायला सोपा. पण त्याला दोन्ही पृष्ठभाग तंतोतंत टेकलेले आणि शिकंजे घट्ट आवळलेले लागतात. शिवाय वाळलेल्या जुन्या गोंदावर तो नीट धरत नाही, आणि अरुंद फटीत आतपर्यंत खरवडणार कसं? पट्टी पूर्ण काढून, रंधा मारून नव्याने चिकटवायची असेल तरच मी तो घेतो.

फटीसाठी माझी पसंती सावकाश वाळणाऱ्या इपॉक्सीला, म्हणजे दोन घटक मिसळून वापरायच्या गोंदाला. दुमडलेला पॉलिश पेपर आत सरकवून घासा, धूळ फुंकून काढा, मग पातळ पत्र्याने इपॉक्सी आत ढकला. कडेला बारीक मण्यांसारखे थेंब दिसले की आवळणं थांबवा. जास्त दाबलं तर सगळं बाहेर पडतं आणि जोड कोरडा राहतो. बारीक पोकळी भरून काढणं, हे त्याचं खरं बळ. उष्णतेने मात्र साधं इपॉक्सी मऊ पडतं, त्यामुळे असं धनुष्य उन्हातल्या बंद गाडीत कधीच ठेवू नका.