पुढचा ब्रेक धरून ठेवायचा, आता सुटला

दुचाकी 2009ची. ब्रेकचं लिव्हर सोडलं तरी पुढचं चाक धरलेलंच; परशुराम घाट चढून आलो की डिस्कला हात लावता येत नसे. आधीच्या एका गॅरेजवाल्याने नुसते पॅड बदलले, आठवड्यात पुन्हा तेच. चिपळुणातल्या या छोट्या गॅरेजात मिस्त्रींनी पहिल्यांदा ब्लीड निपल, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, सैल केलं. ऑइल सुटलं, दाब गेला, चाक मात्र मोकळं होईना. "मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, ऑइलला दाब देणारा भाग) ठीक आहे, दोष कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणारा भाग)," ते म्हणाले. आणि खरंच, पॅड ढकलणाऱ्या पिस्टनवर गंज, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना कोरड्या ठणठणीत! पेट्रोलने धुऊया का, मी विचारलं. "छे, रबर फुगेल." पिस्टन, सील नवे घातले, पिनांना सिलिकॉन ग्रीस, नवं डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल. जुने भाग माझ्या हातात दिले, हे फार आवडलं. आता चाक एका बोटाने फिरतं. पावसाळ्याआधी जरूर दाखवून घ्या.