कॅन्सरच्या व्हिडिओखालचा तो नंबर

मिरजेत बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की त्याच रात्री घरातलं कुणीतरी मोबाईलवर उपाय शोधायला बसतं. ‘केमोशिवाय गाठ विरघळली’ हा व्हिडिओ तिथेच भेटतो. बघायला तो फुकट असतो. पैसे जातात ते त्याखालच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर.

त्या नंबरवर आधी रिपोर्ट मागवून घेतात, मग ‘डॉक्टरसाहेबां’चा फोन येतो. 3 महिन्यांचा कोर्स, आजच भरले तर सवलत, आणि यूपीआय भलत्याच नावावर. कुरियरने भुकटीच्या पुड्या येतात. पाकिटावर ना बॅच नंबर, ना परवाना क्रमांक, ना घटकांची यादी. सोबत ताकीद असते की केमो चालू ठेवली तर औषध लागू पडणार नाही. जीवावर बेततं ते या ताकिदीमुळे.

पहिल्या काही दिवसांत पेशंटला खरंच बरं वाटू शकतं, आणि घरचे फसतात ते इथेच. अशा बेनामी भुकट्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार वारंवार उघडकीला आले आहेत. स्टेरॉइडने भूक लागते, सूज आणि दुखणं उतरतं, चेहरा भरल्यासारखा दिसतो. सगळे म्हणतात गुण आला. गाठ मात्र आपली वाढतच असते. आधी दोन केमो झाल्या असतील तर त्यांचं श्रेयही पुडीलाच मिळतं. पुढे उलट्या किंवा कावीळ सुरू झाली की उत्तर ठरलेलं: ‘शरीरातलं विष बाहेर पडतंय, डोस वाढवा.’

यात वेळ किती महाग पडतो? अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या 2018च्या अभ्यासात, न पसरलेला कॅन्सर असूनही फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका दवाखान्यातले नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीचपट आढळला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो पाचपटीहून जास्त होता.

 आपल्याकडे हळदीने कॅन्सर बरा होतो हा दावा चटकन पटतो. हळदीतल्या कर्क्युमिन या घटकाने प्रयोगशाळेतल्या बशीत कॅन्सरच्या पेशी मरतात, हे खरं. पण खाल्लेल्या कर्क्युमिनचा फार थोडा अंश रक्तात पोचतो. तो वाढवायला मिरीतलं पायपरिन घातलेल्या कॅप्सूल विकतात, आणि त्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतली हळद खुशाल खा, कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

लाखो व्ह्यूजवर तर मुळीच जाऊ नका. प्रोस्टेट कॅन्सरच्या 150 यूट्यूब व्हिडिओंच्या एका अभ्यासात 77 टक्के ठिकाणी, व्हिडिओत किंवा खालच्या प्रतिक्रियांत, दिशाभूल करणारा किंवा एकांगी मजकूर सापडला. दर्जा जितका कमी, तितका प्रेक्षकांचा प्रतिसाद जास्त. व्हिडिओतल्या ‘बऱ्या झालेल्या’ पेशंटला कोणता कॅन्सर होता, कितवी स्टेज, आधी ऑपरेशन झालं होतं का, हे सांगितलेलं नसेल तर व्हिडिओ तिथेच बंद करा. कॅन्सर बरा करण्याच्या औषधाची अशी जाहिरात करणं 1954च्या कायद्याने गुन्हा आहे.

पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. पाकीट फेकू नका, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना ते लागतं. उरलेली पुडी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा आणि किती दिवस, किती घेतली ते लपवू नका. बरेच दिवस घेतली असेल तर मनाने एकदम बंदही करू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा: आत स्टेरॉइड असेल तर अचानक थांबवल्याने बीपी धोकादायक खाली जाऊ शकतं. केमो मध्येच सुटली असली तरी फाईल घेऊन परत जा. पुढचे उपचार कुठून सुरू करायचे ते तपासून ठरवता येतं.