आठ महिने, नऊ हजार किलोमीटर आणि ती किंकाळी

गेल्या जूनमध्ये माझ्या कारच्या पुढच्या चाकांना बाजारातले ब्रेक पॅड बसवले (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवतात ते). हा त्यांचाच रिव्ह्यू. चारचा सेट १,४५० रुपये. सर्व्हिस सेंटरने पॅड आणि दोन्ही डिस्क मिळून ९,४०० चं एस्टिमेट हातात ठेवलं होतं. कारण काय, तर "डिस्क गेल्यात सर." डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. माझ्या डिस्कवर २० मिमी आहे, गॅरेजात मोजली तर २०.८ भरली. डिस्क वाचल्या, पैसे वाचले, मी खूश.

ही खुशी जुलैपर्यंत टिकली. मग सुरू झाली किंकाळी. जोरात ब्रेक मारला तर काही नाही. पण गाडी हळू होत थांबायला आली की पुढच्या डाव्या चाकातून चिईईई. सिग्नलला शेजारचे रिक्षावाले वळून बघायचे. सोसायटीचा वॉचमन तर आवाज ऐकूनच गेट उघडायला लागला. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पापुद्रा धरतो आणि सकाळचे दोन-चार ब्रेक करकरतात, ते मला माहीत आहे. हे तसलं नव्हतं. दिवसभर चालायचं. थांबायला मात्र गाडी चोख थांबायची, हेही सांगतो. खेड शिवापूरजवळ भर पावसात कुत्रं आडवं आलं तेव्हा एबीएसने (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली धडधड केली, मी पाय तसाच दाबून ठेवला आणि कुत्रं बचावलं. तरी मनात एकच: स्वस्तातले पॅड घेतले, भोगा.

जानेवारीत महाबळेश्वरहून परतताना हे मत पक्कं झालं. पाच माणसं, डिकीत स्ट्रॉबेरीच्या पेट्या, पसरणी घाट. मी उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणारा माणूस. पेट्रोल वाचतं ना! अर्ध्या घाटात जळका वास आला आणि पुढच्या वळणाला पेडल स्पंजासारखं खाली गेलं. भराभर दोन-तीनदा पंप केलं तेव्हा जरा धरलं. तिसरा गियर टाकला, मग दुसरा, हँडब्रेक बटण दाबून ठेवून हळूहळू ओढला आणि कडेला थांबलो. डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता, उजवं नुसतं कोमट. मुलगा पाण्याची बाटली घेऊन धावला, तेवढ्यात मागून आलेला टेम्पोवाला ओरडला, "ओतू नका, डिस्क तडकेल!" पाऊण तास बसलो. निघताना तो म्हणाला, "दादा, ज्या गियरात चढलात त्याच गियरात उतरा."

घरी येऊन एक स्टार द्यायला बसलो होतो. आधी म्हटलं पॅड खोलून फोटो तरी काढू, म्हणून दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने आधी विचारलं, "पेडल कडक होतं की मऊ?" मऊ. "मग पॅडला का शिव्या देताय? पॅड तापून हरले तर पेडल कडक राहतं, गाडी थांबत नाही. पेडल मऊ पडलं म्हणजे पेडलचा दाब पॅडपर्यंत नेणारं ब्रेक ऑइल उकळलं, वाफ झाली. तुम्ही वाफ दाबत होता." ऑइल शेवटचं कधी बदललं, आठवेना. टाकीतून काढलं ते उरलेल्या चहासारखं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. नवं डॉट ४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंशाला उकळतं. ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. मी निदान चार वर्षं बदललं नव्हतं.

मग डावं चाक खोललं. बाहेरचा पॅड ८ मिमी, आतला ४. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा जबडा) ज्यांवर सरकतो त्या दोन पिनांपैकी एक कोरडीठाक, जाम. कॅलिपर सरकतच नव्हता, म्हणून आतला पॅड कायम डिस्कला घासत, तापत राहिला. पॅडच्या पाठीला आवाज मारणारे पातळ पत्रे असतात, तेही गायब. पहिल्या गॅरेजने बसवलेच नव्हते. म्हणजे किंकाळी आणि पसरणी, दोन्हीचा उगम त्याच डाव्या चाकात, आणि त्यात जुन्या ऑइलची आणि न्यूट्रलची माझी भर.

न्यूट्रलचं तर फारच लागलं. आजकालच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या उतारावर गियरमध्ये असल्या, अॅक्सिलरेटर सोडलेला असला की पेट्रोल जवळजवळ बंदच करतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे इतकी वर्षं मी वाचवत नव्हतो, जाळत होतो! (काही लोक उतारावर इंजिनच बंद करतात. त्यांच्या गाडीत बसू नका; पायाच्या जोराला मदत करणाऱ्या ब्रेक बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन ब्रेकांत संपतो.)

खर्च: पिनांना ग्रीस आणि नवे पत्रे २५०, ऑइल बदलून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं ६००, डावीकडचे पॅड विषम झिजलेले म्हणून पुन्हा तोच सेट १,४५०. हो, तोच. पॅडना चार स्टार. एक कापला, कारण खोक्यात पत्रे देत नाहीत. नवे पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारू नका.

किंकाळी पूर्ण गेली. आता गेटवर हॉर्न वाजवावा लागतो.