ट्रेडमार्कची राखण: वॉच सर्व्हिस घ्यावी की जर्नल स्वतः वाचावं?

कोकम, आंबापोळी, काजू, मसाला विकणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी आता नाव ट्रेडमार्क म्हणून रजिस्टर करून घेतलंय. सर्टिफिकेट आलं की दहा वर्षांची निश्चिंती, असं बहुतेकांना वाटतं. पण आपल्यासारखंच नाव दुसरा कोणी मागतोय का, हे आपणच बघायचं असतं. रजिस्ट्रीतला (ट्रेडमार्क नोंदणाऱ्या सरकारी कचेरीतला) तपासनीस मिळतीजुळती नावं शोधून हरकत घेतो, तरी त्याच्या चाळणीतून बरंच खाली गळतं. म्हणून राखण लागते. ती मी दोन वर्षं पैसे देऊन करून घेतली, यालाच वॉच सर्व्हिस म्हणतात, आणि गेली तीन वर्षं स्वतः करतोय. कोणी विचारलं तर दोन्हीकडचं सांगता येईल.

आधी मुदतीचं. नोंदणीसाठी आलेली नावं छापणारं रजिस्ट्रीचं ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी निघतं. त्यात नाव छापून आलं की त्या तारखेपासून चार महिन्यांत कोणालाही अपोझिशन, म्हणजे त्या नोंदणीला विरोध, घालता येतं. ही मुदत वाढवून मिळत नाही. ती चुकली तर नोंदणी झाल्यावर ती रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो, पण तो रस्ता लांबचा आणि खर्चाचा. शिवाय समोरच्याचं नाव रजिस्टर झालंय आणि तो ते वापरतोय, हे माहीत असून सलग पाच वर्षं गप्प राहिलात, तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 33 प्रमाणे तुमची तक्रार सहसा उभी राहत नाही.

वॉच सर्व्हिसचं चांगलं ते आधी सांगतो. आपण बागेत असू, कारखान्यात असू, मेलवर यादी येते. एप्रिल-मेमध्ये तर इथल्या माणसाला जेवायला वेळ नसतो, जर्नल कुठलं उघडणार? शिवाय मिळतंजुळतं काही सापडलं की पुढचा सल्ला देणारा माणूस तिथेच असतो. जर्नलमध्ये दर आठवड्याला हजारो नावं असतात, ती कोणीतरी आपल्यासाठी चाळतंय याचा दिलासा मोठा आहे. पहिलं वर्ष मी समाधानी होतो.

बिनसलं ते लिपीवर. आमच्या बाटलीवरचं नाव इथे लिहीत नाही, समजायला ‘व्हाळ’ धरा. हे इंग्रजी अक्षरांत कसं लिहाल? कोणी व्ही-एच-ए-एल लिहितो, कोणी व्हीनंतर आणखी एक ए घालतो, कोणी डब्ल्यूने सुरुवात करतो. ‘ळ’ला तर इंग्रजीत अक्षरच नाही. माझ्या सर्व्हिसची यंत्रणा रोमन स्पेलिंग जुळवायची. त्यामुळे यादीत काय यायचं? ‘वेल’, ‘व्हेल’, ‘वॉल’, अगदी रंगाच्या डब्याचं नावसुद्धा. दर महिन्याला वीस-पंचवीस नावं, त्यातलं एकही कामाचं नाही. हळूहळू मी यादी वरवर बघायला लागलो, आणि धोका तिथेच होता.

आणि जे यायला हवं होतं ते आलंच नाही. कोकम सरबताचंच एक लेबल, त्यावर देवनागरीत जवळपास आमचंच नाव, फक्त मागे ‘कोकण’ जोडलेलं. जर्नलमध्ये लेबल चित्र म्हणून छापलेलं असतं. त्यातली अक्षरं सर्चने सापडत नाहीत, डोळ्यांनीच वाचावी लागतात. आमच्या पुतण्याने ते सहज चाळताना पाहिलं तेव्हा मुदतीचे जेमतेम अठरा दिवस उरले होते. ते अठरा दिवस मी विसरणार नाही. वकिलाने विरोधाचा टीएम-ओ फॉर्म भरला, ऑनलाइन फी एका वर्गाला (नोंदणीत मालाचे प्रकार पाडलेले असतात, त्यातल्या एकाला) 2,700 रुपये. समोरच्याने दोन महिन्यांत उत्तर दिलं नाही आणि त्याचा अर्ज सोडून दिलेला ठरला. पण बाजारात ते नाव आधी दिसलं असतं तर गिऱ्हाईक आमचंच समजून घेऊन गेलं असतं.

सगळ्याच सर्व्हिस अशा असतील असं मी म्हणणार नाही. काही जण जादा पैसे घेऊन लेबलच्या चित्रांवरही लक्ष ठेवतात. तुमचं नाव इंग्रजी घडणीचं असेल, माल आखातात जात असेल, पाच-सहा वर्गांत नोंदणी असेल, तर सर्व्हिसच घ्या. परदेशातली जर्नलं घरी बसून वाचणं जमणारं नाही. फक्त घेण्याआधी एक प्रश्न विचारा: देवनागरी लेबल माणूस बघतो की मशीन? उत्तर गोलमाल आलं तर थांबा.

स्वतः वाचायचं तर काम वाटतं तेवढं नाही. जर्नलच्या फाइली वर्गवार आणि मोफत असतात. लोणचं, आमरस, भाजलेले काजू 29 मध्ये, मसाले 30 मध्ये, ताजा आंबा 31 मध्ये, सरबत 32 मध्ये. दुकान किंवा ऑनलाइन विक्रीचं नाव 35 मध्ये येतं, तो वर्ग मी सुरुवातीला धरलाच नव्हता, तुम्ही धरा. ‘हापूस’ला 2018 मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचं भौगोलिक मानांकन, मिळालाय, पण तो कोकणातल्या पाचही जिल्ह्यांतल्या बागायतदारांचा सामायिक आहे. लेबलवर नुसतं ‘हापूस’ दिसलं म्हणून घाबरू नका, शेजारचं नाव वाचा.

राहता राहिला हंगाम. चार महिन्यांची मुदत आपल्या पंचांगाला बरी जुळते. एप्रिलच्या पहिल्या सोमवारचा अंक ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत हातात असतो. जूनमध्ये शेवटच्या पेट्या रवाना झाल्या, पाऊस लागला, की मी आणि बायको दोघं बसून एप्रिल-मेचे सगळे अंक संपवतो. ती लेबलं बघते, मी नावं. एरवी महिन्यातून एका रविवारी चार-पाच अंक होतात. तिला ‘ळ’ माझ्याआधी दिसतो.

वकील मात्र सोडला नाही. वर्षाला पैसे देत नाही, सापडलं की त्याच्याकडे जातो. नाव आपण आधीपासून वापरतोय हे दाखवायला त्याच्यासाठी एक फाइल तयार असते: पहिल्या वर्षाची बिलं, जुनी लेबलं, जत्रेतल्या स्टॉलच्या पावत्या. त्या अठरा दिवसांतले सहा दिवस आम्ही हेच कागद शोधण्यात घालवले होते.