कीटोन बघायच्या लघवीच्या पट्ट्या, सव्वा महिना वापरून

भात, चपाती, बटाटा बंद केलंय, दिवसाला ३० ग्रॅमच्या आत कार्ब. चरबी जळताना शरीरात कीटोन तयार होतात आणि थोडे लघवीत उतरतात, म्हणून खरंच चरबी जळतेय का ते बघायला मेडिकलमधून ५० पट्ट्यांची डबी आणली. वापरायला एकदम सोपी, लघवीत बुडवायची, झटकायची आणि बरोब्बर १५ सेकंदांनी डबीवरच्या रंगांशी लावून बघायची. उशिरा बघितलं तर रंग गडद होत जातो, तो धरू नका.

पहिले दोन दिवस रंग बदललाच नाही, मला वाटलं माल खराब आहे. पण तसं नव्हतं. लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन (म्हणजे साठवलेलं ग्लुकोज) असतं, ते उतरेपर्यंत गाडी बरीचशी ग्लुकोजवरच चालते, मग इन्सुलिन खाली आलं की चरबीतून फॅटी ॲसिड सुटायला लागतात, ती हृदय आणि स्नायू थेट जाळतात पण मेंदूला ती चालत नाहीत, म्हणून लिव्हर त्याचे कीटोन करून देतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टी गुलाबी! इतका आनंद झाला की लगेच बायकोला दाखवायला गेलो. आठवड्यात अडीच किलो उतरलं, त्यात पाणीच जास्त, कारण ग्लायकोजेन दर ग्रॅममागे ३ ग्रॅमच्या आसपास पाणी धरून बसतं.

पण चौथ्या आठवड्यात रंग फिका पडला. खाणं तेच, वजन उतरतंच होतं. पट्टी फक्त ॲसिटोॲसिटेट हा एकच कीटोन ओळखते, रक्तात जो जास्त असतो तो दुसरा, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, तिला दिसतच नाही, आणि शरीर रुळलं की लघवीतून कीटोन कमी वाया जातात. पाणी कमी प्यायलो त्या दिवशी उलट गडद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जळतेय ती चरबी पोटाची की ताटातली हे पट्टीला कळत नाही. एक आठवडा तूप, पनीर, शेंगदाणे भरपूर झाले, रोज जांभळी पट्टी आणि काटा जागचा हलला नाही! रंग बघून खूश होणाऱ्यांनी हे आधी समजून घ्या प्लीज.

एक तक्रार आहे. ओल लागली की पट्ट्या खराब होतात, पावसाळ्यात माझ्या शेवटच्या दहा-बारा बाथरूममध्येच गेल्या, आणि आतल्या कागदावर हे इतक्या बारीक अक्षरात की दिसतच नाही. झाकण घट्ट लावून कपाटात ठेवा.

पाचपैकी तीन. पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी घ्या, पुढे रोज बघण्यात अर्थ नाही, मी दुसरी डबी घेणार नाहीये. आणि कोणी शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा त्या जातीची (लघवीतून साखर बाहेर टाकणारी) गोळी घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कार्ब अजिबात तोडू नका, त्यात शुगर फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस (कीटोन अती साठून रक्तात ॲसिड वाढणं, जिवावर बेतू शकतं) होऊ शकतो. माझ्या मेव्हण्याला तीच गोळी चालू आहे, त्याला मी माझा डाएट सांगितलेला नाही.