थंडीची भीती दाखवून विकलेलं खुराडं

नोव्हेंबर २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात मी आमच्या दोन फेरेटांसाठी १६५ पौंड मोजून एक लाकडी खुराडं घेतलं. ‘दुहेरी भिंतीचं, थंडीरोधक, हाताने बनवलेलं’ असं जाहिरातीत लिहिलं होतं. तीन आठवडे व्हायच्या आत त्यांतल्या मादीच्या, भुरीच्या, पोटावर टाके पडले. ऑक्टोबर लागला की तशाच जाहिराती पुन्हा दिसू लागतात. आमच्या ओळखीच्या दोन मराठी घरांत या वर्षी मुलांच्या हट्टापायी परसात जनावर आलं आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही सांगलीकडचे, २०१९ पासून इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात, शेफील्डच्या उत्तरेला एका लहान गावात राहतो. फेरेट म्हणजे लांबुडक्या अंगाचा, आखूड पायांचा प्राणी. आपल्याला बघताच मुंगूस आठवतं, पण त्याचं कूळ वेगळं. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी जनावरापासून माणसाने तो माणसाळवला आणि बिळातले ससे हुसकायला शतकानुशतकं वापरला. यॉर्कशरच्या खाणकामगारांच्या वस्त्यांत परसात फेरेट असणं ही जुनी रीत. आमच्या शेजारचे म्हातारबा त्यांतलेच, कोळशाच्या खाणीत आयुष्य काढलेले. कंबर गेल्यावर त्यांना रोज वाकून खुराडं साफ करणं जमेना. त्यांनी आपली शेवटची जोडी माझ्या लेकीच्या हवाली केली. नर बाळू आणि मादी भुरी ही नावं तिनेच ठेवली. दोघांचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं होतं, लसही टोचलेली होती.

जोडीबरोबर म्हातारबांचं जुनं खुराडंही आमच्याकडे आलं. जाड प्लायचं, काळपट, दोघांनी मिळून उचलावं लागेल इतकं जड. वर डांबरी फेल्ट, आत एका कोपऱ्यात झोपायची छोटीशी पेटी आणि तिला मुठीएवढं भोक. दिसायला मुळीच बरं नव्हतं. मी पहिल्या दिवसापासून मनात म्हणत होते, की हिवाळ्यात ही लेकरं यात कशी राहतील? मला स्वतःला इथली थंडी सोसत नाही. ऑक्टोबरमध्येच मी दोन स्वेटर घालते. तीच थंडी मी त्यांच्या अंगावर कल्पून बसले होते.

जाहिरात मला नेमकी तेव्हा दिसली. म्हातारबा कंबरेच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होते, विचारायला कोणी नव्हतं. मी विक्रेत्याला निरोप पाठवला. त्याने आधी खुराड्याबद्दल काहीच सांगितलं नाही. तुम्ही मूळच्या कुठल्या, इथे किती वर्षं झाली, घरात लहान मूल आहे का, असं विचारत राहिला. मग म्हणाला, गरम देशातून आलेल्यांना कल्पना नसते, इथली एक रात्र पुरते, सकाळी मुलं खुराडं उघडतात आणि जनावर लाकडासारखं ताठ झालेलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी त्याचा पुन्हा निरोप आला: दोनच उरली आहेत, किंमत १८५, पण बँकेतून थेट पैसे पाठवले तर १६५. मी पाठवले.

त्याने सांगितलेलं मुळातच उलटं होतं, हे मला नंतर कळलं. धडधाकट, वयात आलेल्या फेरेटाला थंडीपेक्षा उष्णतेची भीती जास्त. त्याला घाम येऊन अंग गार होत नाही. हवा तिशीच्या आसपास गेली की तो उष्माघाताने मरू शकतो. (पुण्या-मुंबईत हौसेने फेरेट घेणाऱ्यांनी हे आधी वाचावं.) दिवस लहान होऊ लागले की त्याच्या अंगावर दाट लोकर चढते, चामडीखाली चरबी साठते. भुरी उन्हाळ्यात पाऊण किलोची होती, नोव्हेंबरात साडेनऊशे ग्रॅम भरली. मी घाबरून तिचं खाणं कमी करायला निघाले होते, पण ती तिच्या हिवाळ्याची तयारी होती. परसातल्या फेरेटाला खरा धोका ओलीचा आणि सरळ अंगावर येणाऱ्या वाऱ्याचा. विक्रेत्याने या दोन्हींचं नावही काढलं नाही.

३ डिसेंबरला खुराडं आलं. फोटोतलं आणि हे एक नव्हतंच. फोटोतल्याला जाड फळ्या होत्या. हे पिवळसर, पातळ, वार्निशचा उग्र वास येणारं, आणि मी एकटीने उचलून परसात नेलं. तिथेच थांबायला हवं होतं. भिंत २५ मिलिमीटरची असं लिहिलं होतं, आणि वरून मापलं तर जाडी तेवढी भरलीही. आत काय आहे हे तेव्हा दिसत नव्हतं. हवेसाठी भोकं नव्हती, दाराच्या कडेला रबराची पट्टी लावली होती. विक्रेत्याने त्याचंही कौतुक सांगितलं होतं: वारा आत शिरायला फट नाही. मला ते पटलं. घराच्या खिडक्याही आपण अशाच बंद करतो ना!

त्याच आठवड्यात कडाका सुरू झाला. इथल्या लोकांना डिसेंबर २०२२ चा तो पंधरवडा आठवत असेल. रात्री पारा शून्याखाली, दुपारीही गवतावरचं गोठलेलं दव वितळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर आतल्या छताला पाण्याचे थेंब लोंबत होते. दोन जिवांचा श्वास आणि मूत यांची वाफ बाहेर जायला जागाच नव्हती. पेंढा दमट झालेला, नाकात अमोनिया झोंबत होता, बाळूचे डोळे पाणावलेले. मी पेंढा बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तरी मला वाटत होतं, ओल का असेना, निदान गार तर नाही.

त्या ओलीने आतली भिंत फुगली. ती लाकडाची नव्हतीच, तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड होता. एका कोपऱ्यात तो सुटला आणि मागून पांढरा थर्माकोल डोकावला. बाहेर नऊ मिलिमीटरची फळी, आत हार्डबोर्ड, आणि मध्ये टीव्हीच्या खोक्यात येतात तसे थर्माकोलचे तुकडे, कुठे भरलेले, कुठे नुसती पोकळी. हे सगळं मी नंतर, भुरी दवाखान्यात असताना, पक्कडीने उचकटून पाहिलं.

फेरेट पाळणाऱ्याला आधी कळायला हवी ती गोष्ट ही, की रबर, स्पंज, फोम, थर्माकोल असं मऊ, दबणारं काहीही दिसलं की तो कुरतडतो आणि गिळतो. चपलेचा तळवा, रिमोटची बटणं, कानातल्या इअरफोनची रबरं, काहीही. ते आतड्यात अडकतं. १२ तारखेला सकाळी भुरीने मांसाला तोंड लावलं नाही. संध्याकाळी ती दात खात पडून होती, तोंडावरून पंजे फिरवत होती, विष्ठा काळी आणि डांबरासारखी. फेरेटाच्या पोटातून अन्न तीन-चार तासांत पुढे सरकतं, त्यामुळे एक दिवस उपाशी राहणं त्याला माणसासारखं झेपत नाही. फेरेटाची माहिती असलेल्या डॉक्टर २५ मैलांवर होत्या. त्यांनी एक्स-रे काढला. थर्माकोल त्यात दिसत नाही, पण फुगलेलं आतडं दिसलं. १३ तारखेला ऑपरेशन झालं. बिल १,१८० पौंड. विमा नव्हता.

भुरी वाचली. डॉक्टर म्हणाल्या, अजून एक रात्र गेली असती तर आतड्याला भोक पडलं असतं. माझ्या लेकीने दोन दिवस नीट काही खाल्लं नाही. ते पैसे आम्ही भारतात जाण्यासाठी साठवले होते, तो प्रवास एक वर्ष पुढे गेला.

१५ तारखेला मी विक्रेत्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर: तुम्हीच थंडीरोधक मागितलं होतं, थर्माकोल थंडीरोधकच असतो. दुसरं उत्तर: तुमच्या खर्चाने परत पाठवा, मग बघू. तिसरं: मी दुकानदार नाही, हौस म्हणून बनवतो, वापरलेली वस्तू परत घेत नाही. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं.

‘मी दुकानदार नाही’ हे वाक्य त्याने उगीच लिहिलं नव्हतं. ब्रिटनमध्ये व्यापाऱ्याकडून ऑनलाइन तयार वस्तू घेतली तर ती हाती आल्यापासून १४ दिवसांत कारण न देता व्यवहार रद्द करता येतो. वस्तू सदोष निघाली किंवा सांगितली तशी नसली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. खासगी माणसाने विकलेल्या वस्तूला यातलं बरंच लागू होत नाही. तिने वर्णनाशी जुळावं एवढंच. धंदा करणाऱ्याने खासगी विक्रेता असल्याचं भासवणं बेकायदेशीर आहे. पण ते सिद्ध करायला माणूस सापडावा लागतो.

बँकेनेही हात वर केले. वस्तू आलीच नसती तर ती फसवणूक झाली असती. वस्तू आली पण चुकीची निघाली, म्हणजे हा तुम्हा दोघांतला दिवाणी वाद, असं त्यांचं म्हणणं. तीच रक्कम मी क्रेडिट कार्डने भरली असती तर १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ खाली, १०० पौंडांवरच्या खरेदीला, विक्रेत्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार धरता आली असती. २० पौंडांची सूट दिली ती मला त्या कलमाबाहेर काढण्यासाठी, अशी माझी खात्री आहे. ग्राहक सल्ल्याच्या हेल्पलाइनवरच्या बाईंनी आस्थेने ऐकलं, तक्रार ट्रेडिंग स्टँडर्ड्स या व्यापाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे कळवली, छोट्या दाव्यांच्या न्यायालयाचा मार्गही सांगितला. पण दावा लावायला नाव आणि पत्ता लागतो. माझ्याकडे जाहिरातीतलं एक नाव होतं आणि बँक खात्याचं दुसरंच. पत्ता नव्हता.

जानेवारीत म्हातारबा काठी टेकत परसात आले. आम्ही जुनं खुराडं शेडमागून काढलं. त्यांनी ते विटांवर जमिनीपासून वर ठेवायला लावलं, तोंड कुंपणाकडे, पुढची जाळी न झाकता. झोपायची पेटी लहान का, तर दोघांच्या अंगाची ऊब तिच्यातच राहावी. मोठ्या पेटीत ती पसरून जाते. पेटीत बार्लीचा पेंढा असा ठासून भरायचा, की दोघांना आत कोरत जावं लागेल. पेंढ्याची काडी पोकळ असते, तिच्यात हवा अडकते. टॉवेल, जुनी गोधडी नको. ओल धरतात आणि धाग्यात नखं अडकतात. कडक थंडीच्या रात्री वरून जुना गालिचा टाकायचा, पण जाळीचा वरचा भाग मोकळा ठेवायचा. पाण्याच्या बाटलीची नळी आधी गोठते, म्हणून जड चिनी मातीचं भांडं, सकाळ-संध्याकाळ बघायचं. खाणं थोडं वाढवायचं. म्हातारं, आजारी किंवा हाडकुळं जनावर असेल तर त्याला शेडमध्ये घ्यायचं. मात्र दाट लोकर चढलेल्या जनावराला रात्री हीटर लावलेल्या घरात आणि सकाळी परत बाहेर, असं करायचं नाही. पेंढ्याला आम्हाला नऊ पौंड लागले, आणि तो फेब्रुवारीपर्यंत पुरला.

कोणाला नवं घ्यायचंच असेल तर प्रत्यक्ष जाऊन बघा. भिंतीत काय भरलंय ते विचारा, आणि आतून एक फळी उघडून दाखवायला सांगा. आत मऊ काही असेल तर ते फेरेटासाठी नाही. वजन बघा. हवेची भोकं बघा. पैसे कार्डने द्या.

ती जाहिरात २०२३ च्या ऑक्टोबरात परत आली. मी तक्रार केली, ती काढली गेली, आठवड्याने दुसऱ्या नावाने आली. गेल्या वर्षीही आली. नाव बदलतं, नंबर बदलतो, फोटो तोच असतो: जाड फळ्यांचं सुंदर खुराडं, मागे निळ्या दाराचं गॅरेज, दारावर खाली उजवीकडे पांढऱ्या रंगाचा ओघळ. तो ओघळ दिसला तर पैसे पाठवू नका.