स्वतःचं चलन की सामायिक चलन?

खर्चाच्या बाबतीत सामायिक चलन, म्हणजे युरोसारखं अनेक देशांनी मिळून वापरायचं एकच चलन, सरळ जिंकतं. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ रोजी आपलं चलन कुना सोडून ७.५३४५० कुना = १ युरो या दराने युरो घेतला आणि युरो वापरणाऱ्या देशांशी व्यवहार करताना चलन बदलण्याचा खर्च व दराची जोखीम संपली.

खरी परीक्षा संकटात होते. २००८ मध्ये आइसलँडच्या बँका बुडाल्या, त्याचं चलन क्रोना घसरलं. आयात महागली, महागाईने लोक पोळले, पण निर्यात आणि पर्यटन स्वस्त होऊन सावरले. युरो वापरणाऱ्या ग्रीसकडे ही वाट नव्हती. एकट्या देशाला युरोचा दर उतरवता येत नाही, म्हणून पगार आणि पेन्शन कापावे लागले. २०१३ मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली. ही किंमत सामान्य माणसाने मोजली, हे विसरून चालणार नाही.

युरोचा व्याजदर फ्रँकफर्टमधली युरोपीय मध्यवर्ती बँक सगळ्यांसाठी एकच ठरवते. परतीचा रस्ता तर जवळपास नाहीच: बाहेर पडण्याची नुसती कुणकुण लागली तरी ठेवीदार बँकेतून पैसे काढतात.

लहान देश, बहुतेक व्यापार सामायिक चलनाच्या गटाशी, स्वतःच्या चलनाचा दर आधीच त्या चलनाला बांधलेला (बल्गेरियाच्या लेव्हचा तसाच होता), तर सामायिक चलन घ्यावं. अर्थव्यवस्थेची चाल शेजाऱ्यांपेक्षा वेगळी असेल, तर स्वतःचंच ठेवावं.